चेहऱ्यावरच्या कॅन्सरची जखम भरायचं ऑपरेशन: दीनदयाळचा अर्ज कुठे अडकतो

नाकावरची किंवा पापणीजवळची कॅन्सरची गाठ काढली की खड्डा उरतो. तो छोटा असला तर टाके घालून भागतं, नाहीतर कानामागची कातडी लावतात किंवा कपाळाची कातडी वळवून नाकावर आणतात. याला सगळे प्लास्टिक सर्जरी म्हणतात आणि घोळ तिथेच होतो, कारण सौंदर्यासाठीचं ऑपरेशन गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेत बसत नाही आणि कागदावर नुसतं 'प्लास्टिक सर्जरी' असलं की तपासणारा तेच धरून चालतो. माझ्या मावशीची फाईल या एका शब्दापायी परत आली. अर्धी नाकपुडी गेलेली बाई, तिला कसली आलीय सौंदर्याची हौस! म्हणून डॉक्टरांकडून 'कॅन्सरची गाठ काढल्यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन' असं स्पष्ट लिहून घ्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत जोडाच.

कपाळाची कातडी वळवली असेल तर साधारण तीन आठवड्यांनी तिचा जोड कापायला परत ऑपरेशन असतं. पहिल्या मंजुरीत ते धरलंय का हे अॅडमिट व्हायच्या आधीच विचारा. दीनदयाळच्या कार्डाचं दरवर्षी रिन्यूअल असतं, ती तारीखही बघून ठेवा, मधेच संपलं तर धावपळ तुमचीच.

दीनदयाळला गोव्यात 5 वर्षं रहिवास लागतो. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

गोवा सरकारचीच मेडिक्लेम योजना वेगळी, लोक दोन्हीची गल्लत करतात. तिथे रहिवास 15 वर्षांचा, मामलेदाराचा दाखला हवा आणि शिवाय हा उपचार गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, होत नाही असं पत्र. आता बांबोळीला प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहेच, मग असं पत्र मिळणं कठीण, त्या आशेवर कृपा करून आधी खाजगीत अॅडमिट होऊ नका.

घरातलं माणूस सत्तर वर्षांचं किंवा त्यापुढचं असेल तर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, पाच लाखांचं, उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरचंच धरतात, म्हणून आधारवर जन्मसाल चुकलं असेल तर पहिलं ते दुरुस्त करा.

आणि नावाचं स्पेलिंग! पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर गावकर 'सी'ने, आधारवर 'के'ने, हे आपल्याकडे घरोघरी. दोन्ही नावं एकाच माणसाची असं अॅफिडेव्हिट आधीच करून फाईलीत ठेवा, पट्टी बांधलेल्या पेशंटला त्यासाठी नोटरीकडे न्यायची वेळ आणू नका.