टाके निघाले म्हणजे पोट बरं झालं?

पोटाच्या ऑपरेशननंतर ‘टाके निघाले की माणूस कामाला मोकळा,’ असा सल्ला फिरत असतो. कातडी लवकर जुळते हे खरं; टाके साधारण 7 ते 14 दिवसांत निघतात. पण खाली स्नायूंवरचा जाड पडदा वेगळा शिवलेला असतो. त्याला बळ यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर साधारण 6 आठवडे जड उचलू देत नाहीत. मिरजेहून डिस्चार्ज घेऊन आलेल्यानं गोठ्यात वैरणीचा भारा उचलला, की श्वास रोखला जातो, पोटातला दाब वाढतो आणि थेट त्या शिवणीवर येतो. तिथं फट पडून आतडं कातडीखाली फुगून आलं, की तो हर्निया. (10 लिटरची भरलेली बादलीही 10 किलोच्या वरच!)

अंगणात चालणं मात्र हवंच, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

खात्री करायची तर डिस्चार्ज कार्ड वाचा. वजनाची मर्यादा लिहिलेली नसेल तर टाके काढतानाच विचारा. खोकताना व्रणाजवळ फुगवटा दिसला, तर सर्जनना दाखवा.