टेम्पो रन

टेम्पो रन : लांब पल्ल्याच्या धावण्यातील सरावाचा एक प्रकार. पुरता दम निघेल इतक्या वेगात नाही, पण गप्पा मारत जाता येणार नाही इतक्या नेटाने, साधारण २० मिनिटे एकाच लयीत पळणे. सरावलेला धावपटू शर्यतीत सुमारे तासभर टिकवू शकेल, तो हा वेग.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘टेम्पो’ म्हटले की आधी मालवाहू टेम्पो आठवतो. पळण्यातला शब्द इटालियन संगीतातला आहे आणि त्याचा अर्थ लय. कुमार गंधर्वांचा जन्म ज्या सुळेभावीत झाला ते गाव बेळगावजवळच आहे. या मुलखात नुसते ‘मध्य लय’ म्हटले तरी अर्धे काम होते. विलंबित नाही, द्रुत नाही, आणि धरलेली लय शेवटपर्यंत ढळू द्यायची नाही.

स्नायू साखर जाळतात तेव्हा लॅक्टेट तयार होते. सावकाश पळताना हृदय, यकृत आणि इतर स्नायू ते तिथल्या तिथे वापरून टाकतात. वेग वाढत गेला की एका टप्प्यानंतर ते रक्तात साचू लागते. हा लॅक्टेटचा उंबरठा. प्रयोगशाळेत त्यासाठी लिटरमागे ४ मिलिमोल हा ढोबळ आकडा धरतात, पण तो माणसागणिक बदलतो. उंबरठ्याच्या आसपास नियमित पळाल्याने लॅक्टेट वापरण्याची क्षमता वाढते आणि तोच वेग पुढे सोपा वाटू लागतो. लॅक्टेट म्हणजे पायात साठणारे विष, ही मैदानावर अजूनही ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. ते इंधन आहे, हे जॉर्ज ब्रूक्स यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनापासून स्पष्ट होत गेले. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचाही त्याच्याशी संबंध नाही. तासाभरात ते रक्तातून कमी झालेले असते.

अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी या सरावाला २० मिनिटांचे माप दिले. नाडी कमाल ठोक्यांच्या ८८ ते ९२ टक्के असावी. कमाल १९० असेल तर १६७ ते १७५. दहा किलोमीटर ५० मिनिटांत पळणाऱ्याने किलोमीटरला ५ मिनिटे ५ ते १० सेकंद धरावेत. घड्याळ नसले तरी अडत नाही. सोबत्याने पळता पळता विचारावे, “बोलायला येतंय काय?” “येतंय, येतंय” एवढेच तोंडातून निघाले तर वेग बरोबर आहे. कालची हकिकत सांगता आली तर वाढवावा, नुसती मान हलली तर उतरवावा.

अवघड टेम्पो पुरा होतो की नाही, हे बहुधा पहिल्या किलोमीटरलाच ठरते. आधी १०-१५ मिनिटे हलके पळून अंग तापवले असेल, तर सुरुवात फारच सोपी वाटते आणि तिथेच वेग हातचा सुटतो. बाराव्या-तेराव्या मिनिटाला त्याची किंमत कळते. खांदे कानाकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, पाऊल धप्‌ धप्‌ पडू लागते, नजर सारखी मनगटाकडे जाते. अशा वेळी वेगाशी झगडू नये. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, बोटे सैल करावीत, पाऊल थोडे आखूड करावे. बहुतेकदा लय परत सापडते. नाहीच सापडली, तर मिनिटभर हळू पळून उरलेला भाग पुन्हा त्याच वेगात घ्यावा. त्यात कमीपणा नाही, तुकड्यांत टेम्पो करण्याची पद्धतच आहे. शेवटचा मिनिट जीव खाऊन पळणारे पुष्कळ दिसतात. माझ्या मते तसा टेम्पो फसला समजावा, कारण संपताना अजून पाच मिनिटे गेलो असतो असे वाटणे हीच पुरा झाल्याची खूण आहे.

जागा सपाट हवी. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचा झाडीतला परिसर पहाटे बरा पडतो. येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण ताकदीला उत्तम, पण तिथे लय धरता येत नाही. जांबोटीकडच्या चढ-उतारांवरही घड्याळ बाजूला ठेवून श्वासावरच जावे. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या तांबड्या चिखलात बूट जड होतात, तर अथणीकडे एप्रिल-मेच्या उन्हात त्याच वेगाला नाडी कितीतरी वर जाते. ऊसतोडीच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडे अंधारात रस्त्यावर पळूच नये. मागचा दिवा नसलेली ट्रॉली जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

या भागात पहाटे पळणाऱ्यांत सैन्यभरतीची तयारी करणारी मुले मोठ्या संख्येने असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे, आणि भरतीची चाचणी १६०० मीटरची. म्हणून रोज सोळाशे पूर्ण ताकदीने मारायचे, असा अनेकांचा शिरस्ता. नडग्या दुखायला लागतात, वेळ आहे तिथेच राहते आणि वयाची मुदत संपत येते. हे पाहून जीव हळहळतो. अशा मुलाने आठवड्यातून एक दिवस टेम्पो, एक दिवस छोटे वेगवान टप्पे आणि बाकीचे दिवस हलके पळणे ठेवावे. सोळाशेची वेळ लावून पाहायची ती दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि टेम्पोच्या दुसऱ्या दिवशी कधीच नाही.