पलीकडे खरंच आपलाच स्विच आहे का?

मुलुंडच्या एका सोसायटीची मीटर रूम. जुलै महिना, दारात पाणी साचलेलं. भिंतीवरच्या लोखंडी रॅकमध्ये ४८ पोर्टांचा नेटवर्क स्विच, म्हणजे वायरींनी आलेली यंत्रं एकमेकांशी जोडणारी पेटी, आणि चार विंगच्या ४० कॅमेऱ्यांच्या वायरी त्यात येऊन शिरलेल्या. सेक्रेटरीकाका म्हणाले, "ताई, पासवर्ड चांगला सोळा अक्षरी ठेवलाय. अजून काय करायचं?"

मी त्यांनाच त्यांच्या लॅपटॉपवरून टेलनेटने, म्हणजे लांबच्या यंत्राला आज्ञा टाइप करून देण्याच्या जुन्या पद्धतीने, स्विचमध्ये लॉगिन करायला सांगितलं. त्यांच्या पोर्टावरून जे काही जाईल-येईल त्याची नक्कल माझ्या पोर्टावर घेतली होती. त्यांनी 'अ‍ॅडमिन' हे नाव टाइप केलं आणि माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली: ए-ए-डी-डी-एम-एम-आय-आय-एन-एन. त्याच्या खाली त्यांचा सोळा अक्षरी पासवर्ड, जसाच्या तसा, प्रत्येक अक्षर एकेकदा.

नाव दोनदा आणि पासवर्ड एकदाच का? टेलनेटमध्ये आपण दाबलेलं प्रत्येक अक्षर साधारणपणे वेगळ्या पॅकेटमधून जातं. स्विच ते परत पाठवतो, तेव्हा कुठे ते आपल्याला स्क्रीनवर दिसतं. पासवर्ड मात्र स्विच परत पाठवत नाही, म्हणून तो स्क्रीनवर दिसत नाही आणि आपल्याला वाटतं, तो लपला. वायरीवरून तो उघडाच जातो. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पासवर्ड मनापासून ठरवला होता, आणि चूक त्यांची नव्हतीच.

टेलनेटची सुरुवात १९६९ सालची. तेव्हा जाळ्यात मोजकी यंत्रं होती आणि ती चालवणारी माणसंही एकमेकांच्या ओळखीची. पुढे जाळं पसरलं, वायरी अनोळखी हातांतून जाऊ लागल्या. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले. तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं: काम टेलनेटचंच, पण वायरीवरून जाणारं सगळं गुप्त लिपीत. अशा प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो, त्यालाही पोर्टच म्हणतात. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. इलोनेन यांनी तो मागून घेतला, आणि आजही एसएसएच त्याच पोर्टावर चालतं.

आता खरी गंमत. वायरीवर कान लावून बसलेला माणूस सगळं ऐकतोय. अशा वेळी दोन यंत्रांनी आपसात गुपित ठरवायचं कसं? याची वाट व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली दाखवली. कागद-पेन घेऊन करून बघा. दोघांनी उघडपणे दोन आकडे ठरवले: ७ आणि २३. लॅपटॉपने मनात ३ धरला, स्विचने ४. लॅपटॉप ७चा तिसरा घात काढतो: ३४३. त्याला २३ने भागलं की बाकी उरते २१. स्विच ७चा चौथा घात काढतो: २४०१, बाकी ९. आता २१ आणि ९ हे आकडे वायरीवरून उघड जातात, कुणीही वाचावेत. लॅपटॉप आलेल्या ९चा तिसरा घात काढतो: ७२९, बाकी १६. स्विच आलेल्या २१चा चौथा घात काढतो: १,९४,४८१, आणि बाकी? तीही १६. हा १६ वायरीवरून एकदाही गेला नाही, तरी दोघांकडे आहे. एवढ्या लहान आकड्यांत ऐकणारा माणूस एकेक घात तपासून मनातला आकडा शोधून काढेल. पण २३च्या जागी सहाशेहून जास्त आकडी संख्या असली, तर उलटं जायची व्यवहारात जमेल अशी रीत कुणाला सापडलेली नाही. मी हे पहिल्यांदा वहीत सोडवलं तेव्हा दोन्हीकडे १६ आलेला बघून अंगावर काटा आला होता, आणि अजूनही शिकवताना येतो.

तरीही एक भोक राहतं, आणि माझ्या मते रोजच्या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. मधला माणूस नुसता ऐकत न बसता स्वतःच स्विच असल्याचं भासवू लागला तर? तो लॅपटॉपशी एक गुपित ठरवेल, खऱ्या स्विचशी दुसरं, आणि मध्ये बसून सगळं वाचेल. गणित दोन्हीकडे बिनचूक, फक्त माणूस चुकीचा. म्हणून स्विचची स्वतःची किल्ल्यांची जोडी लागते. एक किल्ली गुप्त, ती स्विचच्या बाहेर पडत नाही. दुसरी सार्वजनिक. गुपित ठरवतानाच्या बोलण्यावर स्विच गुप्त किल्लीने सही करतो, आणि ती सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते. पहिल्यांदा जोडणी करताना लॅपटॉप त्या सार्वजनिक किल्लीचा ठसा दाखवतो, अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ, आणि विचारतो: हा ओळखीचा आहे का? आपण सगळे न वाचता 'येस' टाइप करतो. ज्या क्षणी बघायला हवं, नेमकं त्याच क्षणी डोळे मिटतो.

त्यामुळे मी पहिली जोडणी कधीच लांबून करत नाही. आधी कन्सोल केबल लावते. ती थेट स्विचच्या कन्सोल पोर्टात जाते, मध्ये नेटवर्क नाहीच. तिथून स्विचला नाव आणि डोमेन द्यायचं. सिस्को कंपनीच्या अनेक स्विचवर त्याशिवाय किल्ली तयारच होत नाही. किल्ली किमान २०४८ बिटांची घ्यायची. आरएसए या किल्ल्यांच्या पद्धतीतली ७६८ बिटांची संख्या संशोधकांनी २००९च्या डिसेंबरातच फोडून दाखवली आहे, त्यामुळे जुन्या लहान किल्ल्यांवर विसंबायचं नाही. एसएसएचची दुसरी आवृत्तीच चालू ठेवायची, कारण पहिलीत दोष आहेत. मग लॅपटॉप छोट्या केबलने थेट स्विचला जोडून पहिलं एसएसएच लॉगिन करायचं. मध्ये कुणी असण्याची शक्यताच नसते, म्हणून तेव्हा साठवलेला ठसा खात्रीचा.

मग लांबून आत यायच्या वाटा. सिस्कोच्या भाषेत त्या व्हीटीवाय लाइन, आणि बऱ्याच स्विचवर त्या ० ते १५ अशा सोळा असतात. जुन्या नोटांमधून उतरवून घेतलेल्या आज्ञा बहुतेक वेळा फक्त ० ते ४ या पाचांवर 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच', म्हणजे आत फक्त एसएसएचनेच या, असं लावतात. उरलेल्या अकरा जशा होत्या तशाच राहतात. मुलुंडच्या स्विचवर नेमकं हेच होतं.

कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून, म्हणजे त्याच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या त्यांच्या जाळ्यातून, स्विचच्या व्यवस्थापनापर्यंत पोचताच येऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने टेलनेटवर कारखान्यातूनच आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या आजमावल्या, बाकी काही करावं लागलं नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अशाच यंत्रांच्या फौजेने साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांसाठी काही तास बंद पडल्या. म्हणून व्यवस्थापनाचा व्हीलॅन वेगळा, त्यात यंत्रांच्या ठरावीक नेटवर्क पत्त्यांनाच प्रवेश, आणि घरून यायचं तर आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून नेलेली खासगी, बंदिस्त वाट. पोर्ट २२ थेट इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही.

हे सगळं लांबून बदलताना एक काळजी घ्या, ती मी किंमत मोजून शिकले. एकदा दादरहून घरबसल्या प्रवेशाची यादी बदलली आणि माझ्याच पत्त्यातला एक आकडा चुकला. एंटर दाबताच जोडणी तुटली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या स्लो लोकलने कन्सोल केबल घेऊन जावं लागलं. तेव्हापासून आधी 'रीलोड इन १०' ही आज्ञा देते. बदल जतन न करता तपासून बघायचा. आपण बाहेर अडकलो, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन आधीच्या जतन केलेल्या मांडणीवर येतो. सगळं नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मगच जतन.

ऑगस्टमध्ये त्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं आणि स्विच जळाला. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने नवा बसवला, जतन केलेली मांडणी चढवली. रात्री मी घरून लॉगिन करू लागले तर लॅपटॉपने मोठ्या अक्षरांत इशारा दिला: पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे. ते बरोबरच होतं. मांडणीच्या फाइलमध्ये गुप्त किल्ली नसते, नव्या स्विचने स्वतःची नवी जोडी बनवली होती. पण बरोबर असेल, असं समजून पुढे जायचं नव्हतं. मुलाला फोन केला. तो अजून रॅकपाशीच होता. त्याने कन्सोलवरून सार्वजनिक किल्लीचा मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यावरून मी ठसा काढला आणि स्क्रीनवरच्या ठशाशी अक्षर-अक्षर जुळवत गेले. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला, तेव्हा जुना ठसा पुसला, नवा साठवला आणि पासवर्ड टाइप केला.