कर गांजाच्या वजनावर की त्यातल्या नशेवर?

‘कायदेशीर करा, कर लावा, सरकारला महसूल मिळेल.’ गांजावरच्या वादात हे वाक्य हमखास येतं, पण कर नेमका कशावर लावायचा हे क्वचितच कोणी विचारतं. वजनावर, किमतीवर, की नशा आणणाऱ्या टीएचसी या रसायनावर? दुकानात पुढे कोणता माल दिसणार, हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला. सुक्या फुलांवर ग्रॅममागे १ डॉलर किंवा उत्पादकाच्या विक्रीकिमतीच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते शुल्क. भाव ग्रॅमला १० डॉलर असेल तेव्हा दोन्ही रकमा सारख्याच. पण उत्पादन वाढलं आणि घाऊक भाव कोसळले. भाव ३ डॉलर झाला तरी शुल्क १ डॉलरच, म्हणजे १० टक्के म्हणून मांडलेला कर ३३ टक्क्यांवर गेला. अनेक परवानाधारक उत्पादकांची शुल्काची थकबाकी साचली, त्याचं हे एक मोठं कारण.

आरोग्याच्या दृष्टीने त्याहून गंभीर दोष वेगळाच आहे. १० टक्के टीएचसी असलेल्या एका ग्रॅम फुलात १०० मिलिग्रॅम टीएचसी असतं, २५ टक्केवाल्यात २५० मिलिग्रॅम. दोन्हींवर १ डॉलरच शुल्क असेल, तर पहिल्यात मिलिग्रॅममागे १ सेंट पडतो, दुसऱ्यात ०.४ सेंट. जितका माल तीव्र, तितकी नशा स्वस्त!

मग कर टीएचसीवरच का लावू नये? दारूच्या बाबतीत प्रूफ लिटरचा, म्हणजे त्यातल्या मद्यार्काच्या प्रमाणावरून कर आकारण्याचा, हिशेब जुनाच आहे. गांजातही तीव्रतेनुसार कर नवा नाही: ब्रिटिश काळात बंगालमध्ये चपटा, गोल आणि चूर अशा प्रकारांना वेगवेगळे दर होते, आणि देठ काढलेल्या चुरावर सर्वांत जास्त. भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगानेही (इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन) सरसकट बंदीऐवजी परवाने आणि कर हाच मार्ग सुचवला.

अडचण मोजमापात आहे. दारू ढवळली की सगळीकडे सारखी होते, फूल होत नाही. झाडाच्या शेंड्याकडच्या फुलात राळ (नशेचं रसायन असलेला चिकट स्राव) जास्त, खालच्या फुलात कमी. शिवाय कच्च्या फुलात टीएचसी नाममात्रच असतं, बहुतेक भाग टीएचसीए या आम्लाचा. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. रेणुभार सुमारे ३५८ वरून ३१४ वर येतो, म्हणून सूत्र असं: एकूण टीएचसी = टीएचसी + ०.८७७ × टीएचसीए. टीएचसीए २२ टक्के आणि टीएचसी १ टक्का असेल, तर बेरीज २३ नव्हे, २०.३ टक्के. घटक वेगळे करून मोजण्याच्या वायू क्रोमॅटोग्राफी या पद्धतीत नमुना तापतो आणि हे रूपांतर यंत्रातच अर्धवट होतं, त्यामुळे द्रव क्रोमॅटोग्राफी अधिक भरवशाची. ओलावाही धरावा लागतो. कोरड्या वजनावर २० टक्के टीएचसी असलेलं फूल ८ टक्के ओलाव्याला १८.४ टक्के दाखवतं, १४ टक्क्यांना १७.२.

त्यात हितसंबंध येतात. ग्राहक मोठा आकडा पाहून माल उचलतात, म्हणून अमेरिकेत आकडा फुगवून देणाऱ्या प्रयोगशाळांकडे उत्पादक वळतात. टीएचसीवर कर लागला की हाच दबाव उलटा, आकडा कमी दाखवण्याकडे. न्यूयॉर्कने मिलिग्रॅममागे कर सुरू केला होता, जून २०२४ पासून तो काढून ९ टक्के घाऊक कर लावला.

खाद्यपदार्थ आणि अर्क यांची गोष्ट निराळी. तिथे तेल मोजून घालतात, घाणा नीट घोटला तर प्रत्येक तुकड्यात मात्रा जवळपास सारखी येते. कॅनडात यांवर मिलिग्रॅममागे १ सेंट शुल्क आहे आणि खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमची मर्यादा. ही मर्यादा मला कराइतकीच महत्त्वाची वाटते: खाल्लेल्या टीएचसीचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि ‘काहीच झालं नाही’ म्हणून लोक दुसरा तुकडा खातात.

फुलांसाठी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची पद्धत अधिक व्यवहार्य आहे. तिथे ३५ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या मालाला १० टक्के कर, त्याहून जास्त टीएचसी असेल तर २५ टक्के. अशा टप्प्यांत दशांशाची चूक फारशी बाधत नाही, फक्त सीमेजवळचा माल वादाचा ठरतो. फुलांचा बहुतेक माल ३५ च्या खालीच असतो, म्हणून फुलांमध्येच फरक करायचा तर टप्पे आणखी खाली हवेत. आणि नमुना उत्पादकाने निवडून पाठवू नये. निरीक्षकाने तो ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून स्वतः काढावा, आणि त्याचा एक भाग नाव न लावता दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जावा.