अवकाश हवामान: लहान उपग्रहांचा जुना धागा

लहान उपग्रह ही अलीकडची टूम वाटते, पण अवकाश हवामानाच्या, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात होणाऱ्या बदलांच्या, अभ्यासाचा पायाच अशा उपग्रहाने घातला. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष, म्हणजे पृथ्वीच्या अभ्यासाची जागतिक मोहीम, होतं. शीतयुद्ध ऐन भरात असूनही साठहून अधिक देश त्यात उतरले. जानेवारी १९५८ मध्ये अमेरिकेने सोडलेला एक्स्प्लोरर-१ जेमतेम १४ किलोचा. त्यातला गायगर काउंटर (किरणोत्सर्गाचे कण मोजणारं यंत्र) वर गेला की गप्प व्हायचा. कण नव्हते म्हणून नव्हे; इतके होते की यंत्राला मोजणंच झेपेना. व्हॅन ॲलन पट्ट्यांचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या भारित कणांच्या पट्ट्यांचा, शोध लागला तो असा.

पुढे उपग्रह थोराड आणि महाग होत गेले. मार्च १९८९ च्या सौर वादळाने (सूर्यावरून आलेल्या कणांच्या लोंढ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठलेल्या खळबळीने) कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊएक तास घालवली. असं वादळ पृथ्वीभर पसरतं आणि एकटा उपग्रह, कितीही भारी असला तरी, एका वेळी एकाच जागी असतो. मोजायचं तर संख्या हवी. १९९९ मध्ये बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी प्विग-सुआरी यांनी १० सेंटिमीटरच्या घनाचं क्युबसॅट मानक मांडलं आणि उपग्रह विद्यापीठांच्या आवाक्यात आला.

या कल्पनेची खरी परीक्षा ‘क्यूबी५०’ प्रकल्पात झाली. बेल्जियमच्या फॉन कार्मान संस्थेच्या पुढाकाराने, युरोपीय संघाच्या पैशावर तो उभा राहिला. लक्ष्य होतं थर्मोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या अतिउंच विरळ थराचा, खालचा भाग: बलूनसाठी फार उंच, उपग्रहासाठी फार खाली. हवेच्या घर्षणाने तिथे काही टिकत नाही, मग महागडं यान कोण पाठवणार? स्वस्तातले पाठवायचे आणि पडता पडता मोजमाप करून घ्यायचं, असा बेत होता. देशोदेशीच्या विद्यापीठांनी उपग्रह बांधले, पण संवेदक तीनच ठरावीक प्रकारचे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता यावेत. मला यातली हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. ठरवले होते ५०. २०१७ मध्ये गेले ३६, त्यातले ८ भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून. काहींनी तर जमिनीला एकदाही साद दिली नाही.

हा थर किती लहरी आहे, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसलं. सौर वादळ साधंच, पण वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी जवळपास ४० खाली येऊन नष्ट झाले. त्याच महिन्याच्या १४ तारखेला इन्स्पायरसॅट-१ पीएसएलव्हीवरून उडाला. अमेरिका, भारत, तैवान आणि सिंगापूर इथल्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी मिळून बांधलेल्या या आठएक किलोच्या उपग्रहात सूर्याचे क्ष-किरण मोजणारं एक उपकरण होतं आणि आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, चाचपणारं दुसरं.