ममीचे प्लास्टर मुखवटे (रोमन काळातील ईजिप्त)

इ. स. पू. 30 मध्ये ईजिप्त रोमच्या ताब्यात गेल्यावरही तेथे मृतदेहाची ममी करण्याची प्रथा चालू राहिली आणि इ. स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांत ममीच्या शिरोभागी जिप्समच्या प्लास्टरचा रंगवलेला मुखवटा बसवण्याची पद्धत रूढ झाली. मध्य ईजिप्तमधील तूना एल-गेबेल, म्हणजे प्राचीन हर्मोपोलिस नगराची दफनभूमी, आणि मीर ही अशा मुखवट्यांची महत्त्वाची प्राप्तिस्थाने आहेत.

हे मुखवटे मृताच्या चेहऱ्याचे ठसे असावेत असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे नाही. चेहरा साच्यातून काढीत आणि प्लास्टर ओले असतानाच कान, केस, दाढी हाताने जोडून व कोरून त्याला वेगळेपण देत. त्यामुळे एकाच साच्यातून तरुणही घडे आणि दाढीवाला प्रौढही. शेवटी रंग, क्वचित सोन्याचा मुलामा देत. डोळे कधी रंगवलेले, तर कधी काच बसवून केलेले असत. अशा डोळ्यांवर उजेड पडला की निर्जीव प्लास्टरला खरोखर नजर आल्यासारखी वाटते.

काळ ठरवताना अभ्यासकांना सर्वांत जास्त मदत होते ती केशरचनेची. रोमच्या राजघराण्यातील स्त्रियांच्या कपाळावरील कुरळ्या बटांचा उंच फुगारा किंवा डोक्यावर गुंडाळलेल्या वेण्या नाईलकाठच्या मुखवट्यांवरही दिसतात, पुरुषांची दाढी रोमन सम्राट हेड्रिअनच्या (कारकीर्द इ. स. 117–138) काळापासूनची मानतात. मात्र डोके रोमन वळणाचे असले, तरी सोबतची चित्रे ओसायरिस, अनूबिस अशा ईजिप्शियन देवतांची असतात. हा संगम दिखाऊ नव्हता. जगताना रोमन रीत पाळणाऱ्या माणसालाही मरणोत्तर रक्षण आपल्या जुन्या देवांकडूनच हवे होते.

रोममधील उमराव घराण्यांत जपले जाणारे पूर्वजांचे मेणाचे मुखवटे याहून वेगळे होत. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसच्या वर्णनानुसार ते घरात लाकडी देव्हाऱ्यात ठेवीत आणि अंत्ययात्रेत त्या पूर्वजाच्या चणीची माणसे ते लावून चालत. ईजिप्तमधला मुखवटा मात्र ममीबरोबर थडग्यातच राही.

सुरुवातीचे मुखवटे ममीच्या पातळीत सपाट असत, पुढे डोके उशीवरून उचलल्यासारखे वर येत गेले. अनेक मुखवटे ममीपासून तोडून विकले गेल्याने त्यांचे मूळ स्थान कळत नाही. संग्रहालयांत ते बहुधा उभे मांडलेले दिसतात. थडग्यात मात्र ही डोकी आडव्या देहावर किंचित उचललेली, पायांच्या दिशेने पाहत असत.