रोबोट्स फाइलीत अडवलं म्हणजे पान गुगलमधून गेलं? नाही!

एआय सहायकाला सांगा, ‘हे पान गुगलवर दिसायला नको.’ बऱ्याचदा तो तत्परतेने रोबोट्स डॉट टीएक्सटी या साइटवरच्या सूचनांच्या फाइलीत ‘डिसअलाऊ’ची, म्हणजे मनाईची, एक ओळ लिहून देतो आणि काम झालं म्हणतो. दोष त्याच्या एकट्याचा नाही. हा गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि सहायक तेच वाचून शिकलाय.

१९९४ पासूनची ही पद्धत बॉटला, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, एवढंच सांगते: इकडे फिरकू नकोस. पान इंडेक्समध्ये, म्हणजे निकाल जिथून येतात त्या यादीत, ठेवू नका, असं ती म्हणतच नाही. दुसऱ्या साइटवर त्या पानाची लिंक असेल, तर गुगल आत न डोकावताही त्याचा पत्ता निकालांत दाखवू शकतं. खाली वर्णन तेवढं नसतं.

पान खरंच काढायचं तर त्याच्या कोडच्या हेड भागात रोबोट्स मेटा टॅग (बॉटसाठीची चिठ्ठीच) टाकून ‘नोइंडेक्स’ लिहायचं. पीडीएफसाठी हीच सूचना एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमधून, म्हणजे सर्व्हर फाइलीसोबत पाठवतो त्या माहितीतून, जाते. खरी गंमत पुढे आहे: सहायक कधीकधी ‘दुहेरी सुरक्षा’ म्हणून दोन्ही करून देतो. म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि चिठ्ठी आत ठेवायची! बॉट आत येणारच नसेल, तर नोइंडेक्स वाचणार कोण? आधी डिसअलाऊ काढा.

रोबोट्स फाइलीतच ‘नोइंडेक्स’ लिहा, असा सल्ला मिळाला तर तो शिळा समजा. गुगलने १ सप्टेंबर २०१९ पासून ते मानणं सोडलं. गोपनीय पानांना मात्र पासवर्डच हवा. रोबोट्स फाइल कुणीही उघडून वाचू शकतं, आणि लपवायच्या पत्त्यांची यादी त्याला तिथे आयतीच मिळते.